तीन इंचांनी अडलेली नाव

सुंदररावांनी नाव विकत घेतली हे ऐकून घरात कोणी का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. त्यांना पहिला राग आला तो याचा.

चौतीस वर्षं कालव्यांच्या खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले होते. कुंभकोणमच्या आसपासचा कुठला कालवा कुठे वळतो आणि कुठल्या दारातून किती पाणी सुटतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्तीनंतर रोज सकाळी एक तक्रारअर्ज लिहिल्याशिवाय त्यांना कॉफी पचत नसे. रस्त्यावरचा दिवा, बसची न उघडणारी खिडकी, टपालाच्या पेटीवर लावलेलं सिनेमाचं पोस्टर, विषय कुठलाही चाले. त्या दिवशी मात्र अर्जाचा कागद बाजूला सारून त्यांनी बातमी सांगितली, तर त्यांच्या पत्नी नागलक्ष्मींनी कॉफी या पेल्यातून त्या वाटीत ओतता ओतता घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीत एवढंच विचारलं,

"किती लांब?"

"चोवीस फूट."

"मग मागल्या अंगणांत मावणार नाहीं. वाय्कालींतच ठेवा."

मेलकावेरीतल्या त्यांच्या घरामागून कालवा वाहत होता. त्याला घरात आणि गल्लीत सगळे वाय्कालच म्हणत.

"वाय्कालींतच ठेवणार. नाव काय माडीवर ठेवतात?" सुंदरराव म्हणाले. "कां घेतली म्हणून तरी विचारा."

"कां घेतली?"

"आतां सांगत नाहीं," सुंदरराव म्हणाले आणि अर्ज लिहायला बसले.

कारण खरं तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुंदररावांच्या थोरल्या बहीण सरस्वतीअक्का त्यांच्याकडेच राहत. कार्तिकातल्या अमावास्येला तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीत गंगा येते म्हणतात; दर वर्षी त्या उत्सवाला स्नानासाठी जाण्याचा त्यांचा लहानपणापासूनचा परिपाठ होता, पण गुडघे गेल्यापासून पाच वर्षं त्यांचं जाणं झालं नव्हतं. उत्सवाच्या दिवसांत गाड्या गावाच्या खूप अलीकडे अडवतात. तिथून पुढे चालणं अक्कांना शक्य नव्हतं, आणि चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं तर त्या म्हणत, "मीं मठांत जात आहें, इस्पितळांत नव्हे." मागच्या कार्तिकात त्या झांजा मांडीवर घेऊन दिवसभर ओसरीवर बसून होत्या. ते सुंदररावांच्या मनाला लागलं होतं. घरामागचा कालवा नऊ किलोमीटर वाहत जाऊन मठापासून हाकेच्या अंतरावरून पुढे जातो, हे त्यांना एकदम आठवलं, आणि परदेशात लोक कालव्यांतल्या नावांत बिऱ्हाडं थाटून राहतात त्याचे व्हिडिओ त्यांनी पाहायला सुरुवात केली.

मुत्तुपेट्टैच्या खाडीतली जुनी फायबरची नाव लॉरीवरून आली. नुसती नाव आणि मागे एक इंजिन होतं, वर काहीच नाही. ती सजवायचं काम त्यांनी चंद्रमौली सुताराला दिलं. चंद्रमौलीनं आयुष्यभर दारं, पलंग आणि देव्हारे केले होते, नाव कधी केली नव्हती. तो तामिळीत बोलायचा आणि प्रत्येक गोष्ट विचारून करायचा. सुंदररावांना विचारलेलं आवडायचं, पण उत्तरानंतर त्यानं पुन्हा विचारलेलं आवडत नसे.

"सार, खोली किती उंच करू?"

"मी आत उभा राहिलो तर डोकं लागता कामा नये."

"नावेत उभं कशाला राहायचं, सार? बसूनच जायचं ना?"

"माझ्या स्वतःच्या नावेत मी वाकून चालू?"

"तसं नाही, सार. वाटेत पूल आहेत."

"पुलांचे आकडे तू मला सांगणार?" सुंदरराव म्हणाले. "पूर्ण भरलेल्या कालव्याची पातळी किती आणि त्यावर पुलाची फरशी किती, हे कागदावर आहे, आणि कागद माझ्या डोक्यात आहे."

चंद्रमौलीनं खोली सहा फूट उंच केली.

मग स्वयंपाकाचा ओटा झाला. सुंदररावांना तो कडप्प्याचा हवा होता. ओटा डाव्या अंगाला बसला आणि नाव डावीकडे कलली. सुंदररावांनी पाणसळ लावून पाहिली आणि प्रथम असं जाहीर केलं की कालव्याचं पाणीच तिरपं आहे. नागलक्ष्मी मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या काठावरून म्हणाल्या, "अहो, पाण्याची टाकी उजवीकडे घाला. बरोबर होईल." सुंदररावांनी दोन दिवस तसं केलं नाही. तिसऱ्या दिवशी वाळूची पोती, टाकी आणि अक्कांसाठी केलेला दिवाण असं सगळं उजवीकडे नेलं, नाव सरळ झाली, आणि आपल्या वहीत त्यांनी नियम लिहिला: जड वस्तू ठेवण्यापूर्वी तिच्या समोर काय ठेवायचं ते ठरवावं.

गॅसच्या सिलिंडरवरून तर भांडणच झालं. सिलिंडर खोलीत ठेवायचा नाही, नावेच्या पुढच्या टोकाला वेगळ्या कपाटात ठेवायचा, आणि कपाटाच्या तळाशी बाहेरच्या बाजूला भोक पाडायचं, असं सुंदरराव म्हणाले. चंद्रमौलीनं हत्यारं खाली ठेवली.

"सार, बाकी काहीही सांगा. नावेला भोक मी पाडणार नाही."

"अरे, गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साठतो. खोलीत साठला तर एका काडीसरशी आपण सगळे उडून पार नाचियार्कोविल गावात जाऊन पडू."

"पण भोकातून पाणी येईल."

"पाण्याच्या वर पाडायचं भोक. वीतभर वर."

चंद्रमौलीनं देवाचं नाव घेऊन भोक पाडलं. ही एक गोष्ट मात्र सुंदररावांनी बिनचूक केली होती, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नाही, याचा त्यांना पुढे अनेक दिवस राग होता.

काम संपल्यावर पहिल्याच सकाळी नाव दोरांना टांगलेली सापडली. सुंदररावांनी ती पुढून आणि मागून नारळाच्या दोन झाडांना करकचून बांधली होती. रात्रीतून कालव्याचं वरचं दार बंद झालं, पाणी हातभर उतरलं, आणि नाव काठाच्या बाजूनं वर आणि कालव्याच्या बाजूनं खाली अशी लोंबकळत राहिली. आतली सगळी भांडी एका कोपऱ्यात जमली होती. सुंदररावांनी ताबडतोब जुन्या ऑफिसात फोन लावला.

"मला न कळवता दार बंद केलंत?"

पलीकडचा तरुण अधिकारी नम्र होता. "सार, आपण निवृत्त झालात ना?"

"मी झालो, नाव नाही झाली," सुंदरराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. दोर मात्र त्या दिवसापासून त्यांनी सैल बांधले.

निघायच्या दिवशी अमावास्या होती. पाऊस आठवडाभर पडून थांबला होता आणि कालवा तुडुंब होता. अक्का नऊवारी नेसून, केसांत कनकांबराची फुलं माळून, हातात झांजा घेऊन दिवाणावर बसल्या. नागलक्ष्मींनी इडल्यांचा डबा ओट्यावर ठेवला. मदतीला नागलक्ष्मींचा धाकटा भाऊ जयकुमार आला होता. तो विमा विकायचा आणि कुठल्याही प्रसंगात त्याला प्रथम धोका दिसायचा.

"भावजी, पोहतां येतें कां तुम्हांस?"

"नावेंत बसणाऱ्यास पोहायचें कशास?"

"मज येत नाहीं म्हणून विचारलें," असं म्हणून जयकुमार लांब बांबू घेऊन पुढच्या टोकाला उभा राहिला.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते, हे सुंदररावांच्या तोंडाला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. जयकुमार पुढून ओरडायचा, "भावजी, उजवीकडे," आणि सुंदरराव दांडा उजवीकडे ढकलायचे. अशा रीतीनं त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात कालव्याचे दोन्ही काठ तपासले. एका वळणावर धुण्याच्या दगडावर बसलेल्या माणसानं आपली बादली उचलून घेतली आणि नाव पुढे जाईपर्यंत ती पोटाशी धरून ठेवली.

"हा दगड कालव्याच्या हद्दीत आहे," सुंदररावांनी त्याला तामिळीत सुनावलं.

"दगड इथेच आहे, सार. तुम्ही आला आहात," तो म्हणाला.

पुढे बदकं लागली. भाताच्या शेतांतून फिरवतात तसा चारपाचशे बदकांचा कळप कालवाभर पसरला होता. सुंदररावांनी भोंगा वाजवला. बदकं बाजूला होण्याऐवजी नावेभोवती गोळा झाली, कारण त्यांच्या राखणदाराचा भोंगा तसाच होता. वीस मिनिटं नाव बदकांच्या चालीनं चालली. अक्का खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना इडली घालत होत्या आणि पाच वर्षांत पहिल्यांदा हसत होत्या.

"अक्का, घालूं नको. त्यांस सवय लागेल," सुंदरराव म्हणाले.

"त्यांस कशाची सवय लागणार? परत कोण नावेनें येतो इकडे?" अक्का म्हणाल्या.

पहिल्या पुलाखालून नाव गेली तेव्हा छप्पर आणि पूल यांच्यात तीन बोटं जागा उरली. सुंदररावांनी विजयानं जयकुमारकडे पाहिलं. त्यानं नुसतंच पुलाकडे पाहिलं. पूल संपताच जलपर्णीचा मोठा गठ्ठा पंख्यात गुंतला, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. हरकत नव्हती, कारण पाण्याला ओढ होती आणि बांबू होता. अडचण एवढीच होती की ओढ थांबवायला काही नव्हतं. दुसरा पूल वळणाआड होता. तो दिसला तेव्हा जयकुमार शांतपणे म्हणाला,

"भावजी, हा पूल ठेंगणा आहे."

"दिसतो तैसा. लांबून सगळे पूल ठेंगणे दिसतात."

"आतां जवळून दिसतो आहे. तरी ठेंगणाच आहे."

जयकुमारनं बांबू रोवला. बांबू गाळात गेला आणि तिथेच राहिला, नाव पुढे गेली. नावेचं पुढचं टोक पुलाखाली अलगद शिरलं आणि खोलीच्या छपराची कड पुलाच्या फरशीला येऊन टेकली. मोठा आवाजही झाला नाही. ओट्यावरचा डबा तेवढा खाली पडला.

नागलक्ष्मी बाहेर आल्या आणि त्यांनी मोजपट्टी लावून पाहिली. "तीन इंच," त्या म्हणाल्या.

"शक्य नाहीं. कागदावर सात इंच मोकळे आहेत."

"कागद इथें नाहीं. पूल आहे."

मागे घ्यावी तर ओढ विरुद्ध आणि इंजिन बंद. वळवावी तर कालवा वीस फूट रुंद आणि नाव चोवीस फूट लांब. सुंदररावांनी चारी बाजूंना पाहिलं आणि मग ते पुलावर भडकले. पुलावरून तिरुविसनल्लूरकडे माणसांची रीघ लागली होती. बस मागेच अडवल्यामुळे सगळे चालत निघाले होते, आणि आता तेही कठड्यावर वाकून खाली पाहू लागले. सुंदररावांना ऐकणारे मिळाले.

"हा काय पूल आहे?" ते खालून तामिळीत म्हणाले. "ही काय उंची आहे? कालवा म्हणजे गटार वाटलं का? कुठल्या शहाण्यानं हा पूल मंजूर केला? खुर्चीवर बसून सही ठोकली असेल. इथे येऊन पाहिलंसुद्धा नसेल. अशा माणसाला आणून या पुलाखाली उभं केलं पाहिजे."

"बरोबर आहे, सार," पुलावरची एक बाई म्हणाली. पुलाच्या टोकाला तिचं ताकाचं दुकान होतं, राजेश्वरी तिचं नाव. "पूर्वी इथून गवत भरलेल्या नावा जायच्या. हा पूल झाला आणि बंद झाल्या. आम्ही उंच करा म्हणून अर्ज दिला होता. कोणी ऐकलं नाही."

"ऐकणार कसे? अशा लोकांवर चौकशी बसवायला पाहिजे," सुंदरराव म्हणाले.

या सगळ्या वेळात नागलक्ष्मी इडलीच्या डब्यावरच्या कागदामागे आकडे मांडत होत्या. चोवीस फूट लांबी गुणिले सात फूट रुंदी, त्यावर एक इंच पाणी. त्यांनी दोनदा तपासून पाहिलं.

"अहो. नाव एक इंच खालीं जाण्यास चारशें किलो वजन लागतें. तीन इंचांस बाराशें. थोडें जास्त धरा."

"बाराशें किलो कोठून आणूं? इथें काय तांदळाचें कोठार आहे?"

नागलक्ष्मींनी मान वर करून पुलावर वाकलेल्या माणसांकडे पाहिलं. सुंदररावांनीही पाहिलं.

कालव्याच्या काठावरून एकेक माणूस नावेत घ्यायचं ठरलं. मठापर्यंत फुकट जायला मिळणार म्हटल्यावर रांग लागली. सुंदररावांनी रांगेकडे पाहिलं आणि ते सरळ निवड करू लागले. मठात जेवण रांधायला निघालेले तीन आचारी त्यांनी प्रथम घेतले, त्यांच्या पितळी पातेल्यासकट. मग एक धान्याचा व्यापारी, त्याचे दोन मुलगे आणि दोन सुना अशी पाच माणसं घेतली. मध्येच कृष्णमूर्ति नावाचे निवृत्त हेडमास्तर पुढे आले, तर सुंदररावांनी त्यांना हातानं थांबवलं.

"आपण राहू द्या."

"का?"

"आपण बारीक आहात."

"बावन्न किलो आहे मी."

"तेच म्हणतो. आपल्या जागेवर दुसरा बसला तर ऐंशी होतील."

"मी चाळीस वर्षं मुलं घडवली," हेडमास्तर म्हणाले, "आजवर मला वजनावरून कोणी नाकारलं नाही. तुमचं नाव सांगा, मी वर्तमानपत्रात पत्र लिहितो."

अर्ज लिहिणाऱ्या माणसाची ओळख सुंदररावांना लगेच पटली. त्यांनी हेडमास्तरांना काठावर पडलेली वाळूची दोन पोती मांडीवर घ्यायच्या अटीवर आत घेतलं.

नावेत बाहेरची सतरा माणसं झाली तेव्हा छपराची कड फरशीपासून किंचित सुटली. सगळे खाली बसले. नागलक्ष्मींनी डावीकडे आठ आणि उजवीकडे नऊ बसवले आणि उजवीकडच्या एकाला मांडी आत घ्यायला सांगितलं. जयकुमारनं पुलाच्या खांबाला हात लावून हळूच ढकललं. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. त्यानं वजनात फरक पडत नाही हे नागलक्ष्मींना ठाऊक होतं, पण त्यांनीही रोखला. पुलाची फरशी डोक्यावरून इतक्या जवळून सरकत गेली की तिच्यातले गंजलेले गज मोजता आले. मग ऊन आलं.

"झालं," सुंदरराव म्हणाले. "आता सगळे उतरा."

कोणी हललं नाही.

"मठापर्यंत म्हणालात ना, सार?" सगळ्यात मोठा आचारी म्हणाला.

"अहो, तुम्हाला प्रवासी म्हणून घेतलं नव्हतं. वजन म्हणून घेतलं होतं. वजनाचं काम झालं."

यावर नावेत एकदम गलका झाला. व्यापाऱ्यानं सांगितलं की त्याला आजवर कोणी वजन म्हटलं नव्हतं. हेडमास्तरांनी वही काढली. त्यांच्या मागून सरस्वतीअक्का आपल्या दिवाणावरून म्हणाल्या, "सुंदरा, बसूं दे त्यांस. चांगले गाणारे आहेत." आणि खरोखरच आचाऱ्यांनी भजन धरलं, अक्कांनी झांजांची साथ दिली, आणि सुंदररावांचा आवाज त्यात कोणाला ऐकू गेला नाही.

पण तीन इंच खाली गेलेली नाव म्हणजे तीन इंच जास्त पाणी लागणारी नाव. मठ समोर दिसत असताना ती गाळात रुतली. "गाळ काढला नाही. दरवर्षी काढायचा असतो, काढला नाही," सुंदरराव दांड्यावर मूठ आपटत म्हणाले. पाणी गुडघाभरच होतं. आचारी धोतरं खोचून उतरले, त्यांच्यामागून व्यापाऱ्याचं कुटुंब उतरलं, मग बाकीचे आणि शेवटी हेडमास्तरही उतरले, आणि सगळे मागे जाऊन ढकलायला वळले. तेवढ्यात नाव हलकी झाल्यामुळे आपोआप तरंगली, ओढीला लागली आणि घरच्या चौघांना आणि पितळी पातेल्याला घेऊन निघून गेली.

"सार, थांबा," मागून सतरा माणसं पाण्यातून ओरडत होती.

"थांबवतां येत नाहीं तें त्यांस कोण सांगणार?" जयकुमार म्हणाला.

मठाच्या बाजूच्या काठावर नाव जलपर्णीत अडकून थांबली. मागोमाग ओल्या धोतरांची मिरवणूक काठानं येऊन पोचली. सगळे रागानं सुंदररावांना शोधत होते, पण त्यांना आधी दिसल्या अक्का. त्या खोलीच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांना खाली पाय टाकता येत नव्हता. मठातून भजनाचा आवाज येत होता आणि त्या तो तोंड उघडून ऐकत होत्या. मोठ्या आचाऱ्यानं नावेतलं आपलं पातेलं काठावर उतरवून ठेवलं, दुसऱ्याच्या मनगटावर मनगट अडकवून बैठक केली, आणि दोघांनी अक्कांना उचलून सरळ आत नेलं. इस्पितळाबद्दल अक्का काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांना बाहेर आणलं तेव्हा त्यांचे केस विहिरीच्या पाण्यानं भिजलेले होते. सुंदरराव काठावर बसून पंख्यातली जलपर्णी सोडवत होते. अक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाव बरी आहे, सुंदरा. तूं मात्र चालवूं नको."

परत जायचं म्हणजे पुन्हा तोच पूल, आणि आता उलट्या पाण्यात. परतीला कोणी वजन व्हायला तयार झालं नाही. सगळे रिक्षानं घरी आले. नाव तिथेच सैल दोरांनी बांधून राहिली. उत्सव संपेपर्यंत आचाऱ्यांनी तिच्या ओट्यावर नारळ खवले आणि कडप्प्याची तारीफ केली. जानेवारीअखेर पाणी बंद झालं, नाव तळाच्या चिखलावर टेकली, आणि शेळ्या तिच्या सावलीत बसू लागल्या.

सुंदररावांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा अर्ज लिहिला. आठ पानं होती. पुलाची मापं होती, नागलक्ष्मींचं गणित होतं, राजेश्वरीची साक्ष होती. पूल तीन फूट उंच करावा, आणि ज्या अधिकाऱ्यानं तो इतका ठेंगणा मंजूर केला त्याचं नाव शोधून काढून त्याच्यावर कारवाई करावी, अशी मागणी होती. दीड महिन्यानं टपालानं जाड पाकीट आलं. सुंदररावांनी ते ओसरीवर उभ्यानंच फोडलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं की पुलाची उंची पूर्वीच विचारात घेऊन ठरवलेली असून त्या वेळच्या टिपणीची प्रत सोबत जोडली आहे. दुसरं पान उघडून ते वाचत राहिले. नागलक्ष्मी आतून आल्या आणि त्यांनी ते पान हातात घेऊन वाचलं.

पंचवीस वर्षांपूर्वीची टिपणी होती. अक्षर सुबक होतं. "ग्रामस्थांचा अर्ज पाहिला. या कालव्यात नावा चालत नाहीत व यापुढे कोणी चालवील असा संभव नाही. उंची वाढवण्याची मागणी अमान्य." खाली सुंदररावांची सही होती.

नागलक्ष्मींनी पान परत त्यांच्या हातात दिलं.

"आतां काय करणार?"

"करणार काय? लिहिणार," सुंदरराव म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "खात्यानें अधिकाऱ्यास पाठीशीं घातलें आहे. जागेवर जाऊन न पाहतां असा शेरा लिहितो म्हणजे काय? याचा खुलासा मागवला पाहिजे."

"तुमचीच सही आहे कीं."

"सही कोणाचीही असो. नियम तो नियम."

त्यांनी त्याच दुपारी अर्ज लिहून पोस्टात टाकला. खात्यातल्या तरुण अधिकाऱ्यानंही नियम तो नियम म्हणून तो संबंधिताकडे धाडला. एप्रिलच्या एका सकाळी सुंदररावांच्या नावानं पत्र आलं: आपण सेवेत असताना केलेल्या टिपणीबाबत एका नागरिकाची तक्रार आली आहे, तरी पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा.

सुंदररावांची कॉफी तशीच राहिली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे कोणी एकदाही खुलासा मागितला नव्हता. ते तावातावानं मेजाशी बसले, नवं पेन उघडलं आणि एका दमात चार पानं लिहून काढली. मग नेहमीप्रमाणे शुद्धलेखन पाहायला ती नागलक्ष्मींकडे दिली. नागलक्ष्मींनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली.

"महोदय, ज्या गृहस्थाने ही तक्रार केली आहे, त्याला कालव्यातले काही कळते असे दिसत नाही."

त्यांनी एका वेलांटीची दुरुस्ती केली, पानं घडी करून पाकिटात घातली आणि तिकीट लावलं.